शिक्का खरा, कागद खोटा : प्लगइनमधल्या बनावट विनंत्यांविषयी

मागच्या व्याख्यानात आपण कुकीपर्यंत आलो होतो. लॉगइन केलं की सर्व्हर ब्राउझरला एक ओळखचिठ्ठी देतो, ब्राउझर ती जपून ठेवतो, आणि त्यानंतर त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ती आपणहून जोडतो. यातलं 'आपणहून' हा आजचा आपला विषय आहे, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

या घोळाचं अधिकृत नाव लांबलचक आहे : क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी. २००१ साली पीटर वॉटकिन्स यांनी हे नाव दिलं आणि तेच रुळलं. लघुरूप सीएसआरएफ, बोलताना बरेच जण 'सी-सर्फ' म्हणतात. आपण मराठीत 'परक्या साइटवरून आलेली बनावट विनंती' म्हणू, आणि पुढे नुसतं 'बनावट विनंती'. आज ती मुख्यतः वर्डप्रेसच्या प्लगइनांत पाहणार आहोत. एक कारण असं, की इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेची साइट सांभाळतात. वाचनालय असेल, शाळा असेल, एखादा दिवाळी अंक असेल. साइट बहुधा वर्डप्रेसवरच असते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ही त्रुटी बाकी ठिकाणांहून बरीचशी हटली, पण प्लगइनांतून काही हटत नाही.

आधी कल्पना पक्की करून घेऊ. एखाद्या कचेरीत साहेबांचा शिक्का शिपायाकडे असतो असं समजा. शिपाई प्रामाणिक आहे, शिक्का कुणाच्या हाती लागू देत नाही. त्याची पद्धत मात्र अशी, की पिशवीतला जो कागद लेखा विभागाच्या नावाचा निघेल त्यावर शिक्का मारायचा आणि पोचवायचा. कागद पिशवीत कुणी टाकला हे तो बघत नाही. आता वाटेत चहाच्या टपरीवर कुणी गुपचूप एक कागद त्या पिशवीत सरकवला तर? लेखा विभागाच्या खिडकीवर जो कागद येतो त्यावरचा शिक्का शंभर टक्के खरा असतो. शिक्क्याची चोरी झालेली नाही, नक्कल झालेली नाही, शिपायाने बेइमानीही केलेली नाही. तरी साहेबांच्या नावावर असं काम झालं जे साहेबांनी कधी सांगितलंच नव्हतं.

शिपाई म्हणजे ब्राउझर, शिक्का म्हणजे कुकी, टपरी म्हणजे तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेली कुठलीही साइट.

आता हेच प्रत्यक्षात बघू. एका वाचनालयाच्या साइटवर सचिव सकाळी लॉगइन करतात. त्याच ब्राउझरमध्ये, शेजारच्या टॅबमध्ये, ते भलतंच एक पान उघडतात. त्या पानात एक चित्र आहे, आणि चित्राचा पत्ता म्हणून कुणीतरी वाचनालयाच्याच साइटचा पत्ता लिहून ठेवलाय, 'सभासद क्रमांक ४२ काढून टाका' अशा अर्थाचा. ब्राउझरला वाटतं, चित्र आणायचंय. तो त्या पत्त्यावर विनंती पाठवतो आणि सवयीप्रमाणे सचिवांची कुकी जोडतो. सर्व्हर चिठ्ठी तपासतो, ती खरी निघते, आणि सभासद यादीतून जातो. सचिवांना काय दिसतं? चित्राच्या जागी फार तर एक तुटकी खूण. चित्र एका ठिपक्याएवढं ठेवलं असेल तर तीही नाही.

यावर एक नेहमीचं उत्तर येतं, की काढून टाकण्याचं काम नुसत्या पत्त्यावर ठेवूच नये, फॉर्म भरून बटण दाबायला लावावं. म्हणजे तांत्रिक भाषेत 'गेट'ऐवजी 'पोस्ट' वापरावं. ते करावंच. पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. परक्या पानावर अदृश्य फॉर्म ठेवता येतो, त्यात रकाने आधीच भरून ठेवता येतात, आणि पान उघडताक्षणी स्क्रिप्टच बटण दाबते. माणसाला काही करावं लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा बचाव तिच्यावर उभा आहे. हल्लेखोराला विनंती पाठवता येते, उत्तर वाचता येत नाही. एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटचं पान वाचू द्यायचं नाही हा ब्राउझरचा जुना नियम आहे आणि तो इथे लागू राहतो. म्हणजे टपरीवरचा माणूस पिशवीत कागद टाकू शकतो, पण लेखा विभागाने काय उत्तर दिलं ते त्याला कळत नाही. म्हणून बनावट विनंतीने सहसा माहिती चोरली जात नाही; काहीतरी बदललं जातं. पासवर्ड बदलणं, नवा वापरकर्ता तयार करणं, एखादी सेटिंग फिरवणं.

संगणकशास्त्रात या प्रकाराला एक जुनं नाव आहे, 'गोंधळलेला मुखत्यार'. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली एक छोटासा लेख लिहिला. त्यात गोष्ट आहे एका फोर्ट्रान कम्पायलरची. त्या कम्पायलरला स्वतःची आकडेवारी नोंदवण्यासाठी एका राखीव विभागात लिहायची परवानगी होती. बिलांची फाइलही त्याच विभागात होती. एका वापरकर्त्याने आपलं आउटपुट कुठे लिहायचं म्हणून त्या बिलांच्या फाइलचंच नाव दिलं. कम्पायलरला परवानगी होती, त्याने लिहिलं, बिलं गेली. परवानगी एकाची, इच्छा दुसऱ्याची, आणि मधला मुखत्यार या दोन्ही एकच समजतो. वेब आलं त्याच्या आधीची ही गोष्ट आहे, पण तंतोतंत तीच.

वेबवर मोठमोठ्यांना याचा फटका बसला. २००६ साली नेटफ्लिक्समध्ये अशी त्रुटी सापडली. तेव्हा ते डीव्हीडी घरपोच पाठवायचे, आणि परक्या पानावरून तुमच्या यादीत चित्रपट घालता येत होता, पत्ता बदलता येत होता. २००८ साली प्रिन्स्टनच्या झेलर आणि फेल्टन यांनी दाखवलं, की आयएनजी डायरेक्ट या बँकेच्या साइटवर याच मार्गाने ग्राहकाच्या खात्यातून पैसे वळवता येत होते. त्या काळात सुरक्षिततेच्या क्षेत्रात जी यादी प्रमाण मानतात, ओवास्पची 'टॉप टेन', तिच्यात या त्रुटीला स्वतंत्र जागा होती. २००७, २०१० आणि २०१३ च्या तिन्ही याद्यांत ती आहे. २०१७ च्या यादीत नाही.

का नाही? कारण मधल्या काळात वेब बनवण्याची साधनं बदलली. जँगो किंवा रेल्स यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये फॉर्म आला की खात्रीचं टोकन तपासलंच जातं. प्रोग्रामरला ते चालू करावं लागत नाही; नको असेल तर मुद्दाम बंद करावं लागतं. विसरणारा माणूस आपोआप सुरक्षित बाजूला पडतो.

वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये विसरणारा माणूस उलट बाजूला पडतो. आमच्या मते आजच्या व्याख्यानातला मुख्य मुद्दा हाच आहे.

वर्डप्रेसकडे साधन नाही असं मुळीच नाही. २००६ पासून, आवृत्ती २.०.३ पासून, ते आहे. त्याला 'नॉन्स' म्हणतात. आपल्या कचेरीत सांगायचं तर लेखा विभागाने ठरवलं, की नुसता शिक्का चालणार नाही. आमच्या खिडकीतून दिलेल्या क्रमांकित फॉर्मवरच अर्ज घेऊ. टपरीवरच्या माणसाला तो क्रमांक माहीत असणं शक्य नाही, कारण खिडकीतून साहेबांना काय मिळालं हे त्याला दिसत नाही. मघाशी म्हटलं ना, उत्तर वाचता येत नाही, तेच इथे कामाला येतं. ॲडमिनच्या पानावर वर्डप्रेस एका लपलेल्या रकान्यात दहा अक्षरांचा एक संकेत ठेवतं. तो बनतो चार गोष्टींतून : वापरकर्ता कोण, त्याचं चालू लॉगइन कोणतं, काम कोणतं आणि वेळ कोणती. शिवाय त्यात साइटचं गुपित मिसळलेलं असतं. फॉर्म परत आला की प्लगइनने तो संकेत तपासायचा.

जाता जाता एक गंमत. नॉन्स म्हणजे मुळात 'एकदाच वापरायचा आकडा'. वर्डप्रेसचा नॉन्स आकडाही नाही आणि एकदाच वापरायचाही नाही; तोच संकेत बारा ते चोवीस तास कितीही वेळा चालतो. नाव चुकलं आणि चिकटलं. आणखी एक नाव असंच फसवं आहे. तपासणीच्या फंक्शनचं नाव 'चेक ॲडमिन रेफरर'. नावावरून वाटतं, की विनंती कुठल्या पानावरून आली ते बघत असेल. प्रत्यक्षात भर असतो नॉन्सवर. नवशिक्या प्रोग्रामरने या नावांवरून काय समजायचं? तिसरं नाव तर जास्त घातक. 'इज ॲडमिन' असं एक फंक्शन आहे. कुणालाही वाटेल, समोरचा माणूस ॲडमिन आहे का ते सांगत असेल. ते फक्त एवढंच सांगतं, की सध्या प्रशासनाच्या विभागातलं पान चालू आहे का. कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. या एका नावाने किती प्लगइनं गोत्यात आणली असतील!

तर साधन आहे. पण ते प्लगइनच्या लेखकाने प्रत्येक दारावर स्वतः बसवायचं असतं, आणि प्लगइनला दारं पुष्कळ असतात. सेटिंग्ज जतन करणं हे एक दार. आयात, निर्यात, नोंद पुसणं, सगळं पूर्ववत करणं, सूचना बंद करणं, प्रत्येक वेगळं. चौदा दारांना कुलूप लावलं आणि पंधरावं राहिलं, तर चोराला पंधरावंच पुरतं.

नेमकं असंच झालेलं एक उदाहरण सविस्तर पाहू. 'कोड स्निपेट्स' नावाचं प्लगइन आहे. काम सोपं आणि उपयोगी : साइटमध्ये पीएचपीचे छोटे तुकडे चालवायचे असतील तर थीमच्या फाइलींना हात न लावता ते इथे लिहून ठेवायचे, हवे तेव्हा चालू-बंद करायचे. जानेवारी २०२० मध्ये ते दोन लाखांहून अधिक साइटींवर बसवलेलं होतं. २३ जानेवारीला वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीच्या लोकांना त्यात त्रुटी सापडली. प्लगइन निष्काळजीपणे लिहिलेलं नव्हतं. जवळजवळ सगळ्या कामांना नॉन्सची तपासणी होती. राहिली होती फक्त आयात, म्हणजे तुकडे फाइलमधून आत घेण्याची सोय.

आता तुम्ही म्हणाल, आयात करायला फाइल निवडावी लागते, आणि फाइल माणूसच निवडतो. परक्या पानाला माझ्या संगणकावरची फाइल कशी निवडता येईल? बरोबर आहे, नाही येत. पण सर्व्हरकडे जे पोचतं ती तुमच्या संगणकावरची फाइल नसते. एका ठरावीक साच्यात बांधलेला मजकूर असतो. 'ही फाइल, हे तिचं नाव, हा तिचा आशय.' तो साचा स्क्रिप्टने हवेतून तयार करता येतो. फाइल कधी अस्तित्वात नसली तरी चालतं. माणसाच्या हाताची गरज आहे असं ज्या पायरीबद्दल वाटतं, तिथे सर्व्हर फक्त बाइट्स बघत असतो. आमच्या मते हा भाग कळला की बनावट विनंती कळली.

यापुढे अजून एक आडकाठी होती. आयात केलेला तुकडा प्लगइन आपणहून चालू करत नसे. तो बंद अवस्थेत आत येई, आणि ॲडमिनने पाहून चालू करायचा. चांगला विचार होता. पण आयातीच्या मजकुरात 'चालू आहे का' असा एक रकाना होता, आणि त्यात १ लिहून पाठवलं तर प्लगइन ते निमूटपणे मान्य करत होतं. म्हणजे बघा, ॲडमिनने लॉगइन असताना एक परकं पान उघडायचं, आणि हल्लेखोराने लिहिलेला पीएचपी कोड त्याच्या सर्व्हरवर चालायचा. एकदा कोड चालला की नवा ॲडमिन तयार करणं, डेटाबेस उतरवून घेणं, पाहुण्यांना भलत्या साइटवर पाठवणं, काहीही शक्य असतं. प्लगइनच्या लेखकाने दोन दिवसांत, २५ जानेवारीला, आवृत्ती २.१४.० मध्ये दुरुस्ती दिली. वेगाने दिली, हे आवर्जून सांगायला हवं.

या त्रुटीला गंभीरतेचे दहापैकी ८.८ गुण मिळाले. त्या गुणपद्धतीत 'कुणीतरी माणसाने काहीतरी करावं लागतं' अशी अट असली की गुण कमी होतात. हीच त्रुटी त्या अटीशिवाय असती तर ९.८ झाले असते. पूर्ण एका गुणाचा फरक, फक्त 'ॲडमिनने लिंक उघडली पाहिजे' एवढ्यासाठी. आणि पुष्कळ साइटचालक हे वाचून निश्चिंत होतात : आम्ही कुठे अनोळखी लिंक उघडतो?

उघडता. कारण ते तुमचं काम आहे. संस्थेच्या संपर्क फॉर्ममधून निरोप येतो : 'तुमच्या साइटवरचा अमुक फोटो आमचा आहे, परवानगीशिवाय वापरलाय, पुरावा इथे बघा.' कुठला सचिव बघणार नाही? आणि तो निरोप अनेकदा वर्डप्रेसच्या प्रशासन विभागातच वाचला जातो, म्हणजे लॉगइन असतानाच. हल्लेखोराला तुमचा ईमेल पत्तासुद्धा शोधावा लागत नाही. तुम्हीच त्याला निरोपाची पेटी लावून दिलेली असते.

दुसरं उदाहरण थोडक्यात, पण वेगळ्या कारणासाठी. मार्च २०१५ मध्ये योस्ट यांच्या एसईओ प्लगइनमध्ये, जे तेव्हा दहा लाखांहून अधिक साइटींवर होतं, रायन ड्यूहर्स्ट यांना एसक्यूएल इंजेक्शनची त्रुटी सापडली. एकगठ्ठा संपादनाच्या पानावर यादी कोणत्या क्रमाने लावायची, हे पत्त्यातूनच सांगितलं जाई, आणि तो मजकूर पुरेसा न तपासता डेटाबेसकडे जाई. ते पान फक्त ॲडमिन, संपादक आणि लेखक यांनाच उघडता येत होतं. एरवी म्हणता आलं असतं, आतल्याच माणसाला करता येण्यासारखं आहे, घाई नको. पण तिथे नॉन्सही नव्हता. म्हणून बाहेरच्या माणसाला आतल्या माणसाच्या हातून तो पत्ता उघडवता येत होता. दुरुस्ती १.७.४ मध्ये आली, आणि वर्डप्रेसने अनेक साइटींवर ती सक्तीने पोचवली. बनावट विनंती एकटी असली तर कधी कधी किरकोळ वाटते. तिची जात अशी आहे, की ती दुसऱ्या त्रुटीला दाराबाहेरून आत आणते.

आता ब्राउझरवाल्यांनी काय केलं ते पाहू. त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं : शिपायाची सवयच बदलायची. कुकीवर 'सेमसाइट' अशी खूण लिहिता येते, आणि मग परक्या साइटवरून निघालेल्या विनंतीला ती कुकी जोडली जात नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून असं ठरलं, की खूण लिहिलेली नसेल तरी 'लॅक्स', म्हणजे मवाळ नियम, लागू समजायचा. कोविडच्या काळात महत्त्वाच्या साइटी बंद पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये हा बदल मागे घेतला आणि जुलैपासून पुन्हा लागू केला. याने फार मोठा फरक पडला, यात शंका नाही. मघाचा अदृश्य फॉर्म, मघाचं चित्र, दोन्ही क्रोममध्ये बहुतेक निकामी झाले.

बहुतेक. सगळ्या ब्राउझरांनी हा नियम सारखाच स्वीकारलेला नाही, ही एक गोष्ट. क्रोममध्येही कुकी नवीन असताना, पहिली दोन मिनिटं, फॉर्मला सूट आहे. नाहीतर कित्येक जुन्या लॉगइन व्यवस्था मोडल्या असत्या. आणि सर्वात महत्त्वाचं : मवाळ नियमात माणसाने लिंकवर टिचकी मारून नवीन पान उघडलं तर कुकी जाते. जायलाच हवी, नाहीतर ईमेलमधल्या लिंकवरून कुठल्याही साइटवर आलात की तुम्ही लॉगइन नाही असंच दिसेल.

आता प्लगइनांची एक जुनी सवय आठवा. यादीतल्या प्रत्येक नोंदीखाली 'संपादन', 'पुसा', 'बंद करा' अशा छोट्या लिंका असतात. बटणं नव्हेत, लिंका. म्हणजे साधा पत्ता, म्हणजे 'गेट', म्हणजे मवाळ नियम ज्याला अडवत नाही नेमकं तेच. योस्टचं उदाहरणही पत्त्यातूनच चालत होतं. लिंकमध्ये नॉन्स घातलेला असेल तर ठीक. नसेल तर २०२० नंतरही भोक तिथल्या तिथेच.

लिंकने काही बदलू नये हा वेबचा फार जुना दंडक आहे, आणि तो मोडल्याची शिक्षा हल्लेखोराशिवायही मिळते. २००५ च्या मे महिन्यात गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' काढलं. तुम्ही वाचत असलेल्या पानावरच्या लिंका ते आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे टिचकी मारली की पान झटकन यावं. ज्या साइटींवर 'पुसा' ही लिंक होती, तिथे ते सद्‌भावनेने सगळ्या 'पुसा' उघडत सुटलं. लोकांच्या नोंदी गेल्या. कुणाचाही वाईट हेतू नव्हता!

प्लगइन लिहिणारे काही जण इथे आहेत, त्यांच्यासाठी थोडं. नॉन्स घातला म्हणजे काम झालं असं समजू नका, कारण निम्म्या चुका त्यानंतरच्या असतात. फॉर्ममध्ये नॉन्स छापलेला असतो, पण उलट आल्यावर तो कुणी तपासतच नाही. खिडकीतून क्रमांक दिला आणि अर्ज घेताना बघितलाच नाही. किंवा तपासणीचं फंक्शन बोलावलेलं असतं, पण त्याने 'खोटा' म्हटलं तर पुढे काय करायचं ते लिहिलेलंच नसतं, त्यामुळे काम पुढे चालू. सर्वात फसवी चूक वेगळीच आहे. अशी अट लिहिली जाते : 'नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांब.' वाचताना अगदी बरोबर वाटते. हल्लेखोर काय करतो? नॉन्स पाठवतच नाही. आलाच नाही, म्हणून चुकीचा ठरत नाही, म्हणून थांबत नाही. दुसऱ्याचं प्लगइन तपासायला घेतलंत तर ही अट आधी शोधा.

आणि नॉन्स म्हणजे परवानगी नव्हे. हे काम या माणसाने आपल्याच पानावरून केलं एवढंच तो सांगतो. त्याला करायचा अधिकार आहे का, हे सांगत नाही. अधिकारासाठी 'करंट यूझर कॅन' वेगळं तपासावं लागतं. शिक्काही बघा, क्रमांकही बघा.

वर्डप्रेसमध्येच एका जागी ही व्यवस्था उलटी, म्हणजे सुलटी, केलेली आहे. नवीन पद्धतीची प्लगइनं 'रेस्ट' मार्गाने बोलतात. तिथे कुकी आली पण सोबत नॉन्स आला नाही, तर वर्डप्रेस त्या विनंतीला लॉगइन नसलेल्या पाहुण्याची विनंती समजतं. लेखक विसरला तरी शिक्का आपोआप निरर्थक ठरतो. अधिकार तपासायचा विसर पडला तर मात्र तिथेही वाट मोकळी राहते. जुना 'ॲडमिन-एजॅक्स'चा मार्ग असं काही करत नाही, आणि ५० हजारांहून अधिक मोफत प्लगइनांच्या भांडारात तो जुना मार्ग वापरणारी संख्येने कमी नाहीत. जुनी प्लगइनं चालू राहावीत म्हणून तो मार्ग आहे तसा ठेवला आहे. आम्हाला हा निर्णय समजतो. त्याची किंमत मात्र छोट्या साइटी सांभाळणारे भरतात, ज्यांना तो निर्णय झाल्याचं माहीतही नसतं.

अशा सांभाळणाऱ्यांनी काय करावं? अद्ययावत आवृत्ती ठेवा हे तुम्ही शंभरदा ऐकलंय, आम्ही एकशे एकावं सांगतो. त्याहून जास्त उपयोगाचं, आणि फुकटातलं, म्हणजे साइटच्या प्रशासनासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल किंवा सरळ वेगळा ब्राउझर. त्यात साइटचं काम सोडून काही उघडायचं नाही. बाकीचं जग दुसऱ्या ब्राउझरमध्ये. दोघांच्या कुकी वेगळ्या असतात, त्यामुळे टपरीवर जाणाऱ्या शिपायाकडे शिक्काच नसतो. संपर्क फॉर्ममधून आलेली लिंक उघडायचीच असेल तर पत्ता उचलून त्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाका. आणि रोजचा मजकूर चढवायला ॲडमिनचं खातं वापरू नका. 'लेखक' या दर्जाचं खातं बातम्या लिहायला, फोटो चढवायला पुरतं. त्या खात्याच्या नावाने आलेल्या बनावट विनंतीला फार काही करता येत नाही.

प्रश्न आलेत, त्यातले तीन घेतो.

पहिला, पासवर्ड मजबूत ठेवला आणि ओटीपी लावला तर? दोन्ही जरूर ठेवा, पण ते दाराशी विचारले जातात. बनावट विनंती दार ओलांडून झाल्यावर येते. तिथे पासवर्डाचा प्रश्नच निघत नाही. अपवाद एक : महत्त्वाच्या कामाआधी पासवर्ड पुन्हा विचारणारी साइट असेल तर तिथे उपयोग होतो, कारण हल्लेखोराला तो रकाना भरता येत नाही.

दुसरा, टॅब बंद केला की पुरे का? नाही. टॅब बंद केल्याने कुकी जात नाही. वर्डप्रेसमध्ये साधं लॉगइन दोन दिवस चालतं, आणि 'लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली असेल तर चौदा दिवस. म्हणजे सोमवारी लॉगइन केलंत, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी भलतं पान उघडलंत, तरी शिक्का खिशात आहे. काम संपलं की लॉगआउट करा, आणि तो चौकोन रिकामा ठेवा.

तिसरा प्रश्न चांगला आहे : वापरत नसलेलं प्लगइन निष्क्रिय करून ठेवलं तर धोका टळतो का? बराचसा टळतो. निष्क्रिय प्लगइनचा कोड वर्डप्रेस वाचतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी आलेली बनावट विनंती घ्यायला खिडकीत कुणी नसतं. पण त्याच्या फाइली सर्व्हरवर असतात, आणि एखादी फाइल थेट पत्त्याने उघडली तर चालू शकते. शिवाय दोन वर्षांनी दुसरा कुणी कार्यकर्ता येतो, ते जुनं प्लगइन बघतो आणि उपयोगी दिसतंय म्हणून चालू करतो. तेव्हा पुसूनच टाका. फक्त पुसण्याआधी त्याच्या सेटिंग्ज आणि नोंदी उतरवून घ्या. काही प्लगइनं जाताना आपला डेटाही सोबत घेऊन जातात.